पोपटाची मैना

संघटनेच्या वार्षिक सभेत अध्यक्षबाईंनी अहवालातलं ते ठरलेलं वाक्य वाचलं, की याही वर्षी आपल्या एकाही सभासदाविरुद्ध तक्रार आलेली नाही हे सांगायला आनंद वाटतो, आणि टाळ्या पडल्या. नियमकाकांनीही दोन टाळ्या वाजवल्या. तिसरीला त्यांचे हात अधांतरी राहिले. त्यांच्या डोक्यात एक प्रश्न आला होता, आणि नियमकाकांच्या डोक्यात आलेला प्रश्न तोंडावाटे बाहेर पडल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे.

ही संघटना समुपदेशकांची. ज्यांचं घरात पटत नाही, ज्यांना झोप लागत नाही, ज्यांना गेलेलं माणूस विसरता येत नाही, अशांना समोर बसवून तास तासभर ऐकून घेणाऱ्या लोकांची. सभासद त्रेचाळीस. कचेरी म्हणजे चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. नियमकाका या त्रेचाळिसांतलेच एक. वय छपन्न, हातखंडा विषय शोक. संघटनेच्या घटनेतली चाळीसच्या चाळीस कलमं त्यांना तोंडपाठ होती, म्हणून हे नाव पडलेलं. ते नाव थट्टेनं ठेवलंय हे त्यांच्या बायकोला ठाऊक होतं, चिटणीसबाईंना ठाऊक होतं, चष्मेवाल्यालाही ठाऊक होतं. काकांना तेवढं ठाऊक नव्हतं.

तर काका उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, की कलम एकोणीसप्रमाणे आपली एक तक्रारपेटी आहे, ती शेवटची उघडली कधी?

पेटी होती, हे खरं. पाण्याच्या फिल्टरशेजारी भिंतीवर ठोकलेली होती, आणि तिच्या माथ्यावर लोक पेले ठेवत. पण तिच्या आत काही असेल हा विचार आजवर कुणाच्या मनात आला नव्हता. अध्यक्षबाईंनी डोकं किंचित तिरकं केलं. समोरचा माणूस रडणार असं वाटलं की त्या असं करीत. "तुमच्या प्रश्नामागची काळजी माझ्यापर्यंत पोचतेय," त्या म्हणाल्या. काका म्हणाले, काळजी पोचली ते ठीक, किल्ली कुठाय?

किल्ली कुणाकडेच नव्हती. मग अशा वेळी जे होतं ते झालं. एक समिती नेमली गेली, आणि ज्यानं प्रश्न विचारला त्याच्याच गळ्यात ती पडली.

बाहेरच्या माणसाला वाटेल, एक लाकडी पेटी उघडायची तर त्यात काय एवढं. पण बाहेरच्या माणसानं समुपदेशकांची सभा पाहिलेली नसते. इथे प्रत्येकजण दुसऱ्याचं ऐकून घेण्यात तरबेज. एकानं मुद्दा मांडला की दुसरा विचारतो, हे बोलताना तुम्हाला आत काय होतंय? मग पहिला आत काय होतंय ते सांगतो. ते ऐकून तिसऱ्याला आत काहीतरी होतं. दोन तासांनी सगळ्यांना हलकं वाटतं आणि विषयपत्रिकेवरचा पहिला विषय जागच्या जागी असतो. उपाध्यक्ष तर रागावर उपचार करणारे. गेल्या वीस वर्षांत ते एकदाही चिडले नव्हते, आणि त्यांची ती शांतता पाहून समोरच्याच्या मात्र अंगाची लाही होई. पेटी फोडण्याचा शब्द काकांनी उच्चारला तेव्हा उपाध्यक्षांनी सगळ्यांना डोळे मिटून तीन श्वास घ्यायला लावले. त्यानंतर कार्यवृत्तात 'फोडणे' खोडून 'उघडणे' लिहिण्यात आलं. त्या दिवशीचा तेवढाच एक ठराव.

कलम एकोणीस, पोटकलम तीन असं सांगत होतं, की पेटी तीन पदाधिकारी आणि एक त्रयस्थ व्यक्ती यांच्यासमक्ष उघडावी. त्रयस्थ म्हणून काकांनी शेजारचे निवृत्त वकील आणले. वकीलसाहेबांना निवृत्तीनंतर कुणी काही विचारत नसे, त्यामुळे विचारल्यावर ते पुरते खुलले. त्यांनी काकांना बजावलं, की पेटीला हात लावण्याआधी चारी बाजूंनी फोटो काढा, धूळ पुसू नका, ती पुरावा आहे. किल्लीवाल्याचं ओळखपत्र बघा. पेटी संघटनेच्या मालकीची असल्याचा कागद आधी तयार ठेवा. असा कागद नव्हता. तो करून घेण्यात नऊ दिवस गेले, कारण पेटी कुणी आणली हेच कुणाला आठवेना, आणि एका ज्येष्ठ सभासदांचं तर म्हणणं, की ती चष्मेवाल्याची आहे.

शेवटी एका शनिवारी सकाळी सगळे जमले. किल्लीवाल्यानं हत्यारांची पिशवी जमिनीवर ठेवली, पेटीवरचे पेले उतरवले, कुलपाला हात लावला, आणि कुलूप त्याच्या हातात आलं. ते नुसतं अडकवलेलं होतं. बंद कधी केलेलंच नव्हतं. त्यानं एकदा कुलपाकडे पाहिलं, एकदा तिथे जमलेल्या सुशिक्षित माणसांकडे पाहिलं, आणि काही न बोलता पिशवी उचलून तो जिना उतरला. काकांना ते फार लागलं. काही बोलला असता तर बरं, असं ते पुढे कितीतरी दिवस म्हणत.

पेटीत निघालं ते असं: फिल्टर गळतोय अशा दोन चिठ्ठ्या, एकाच अक्षरातल्या, दुसरीत अक्षर जास्त दाबून लिहिलेलं. चष्म्यांच्या दुकानाची जाहिरात. अध्यक्षबाईंच्या एका व्याख्यानाचं निमंत्रण. एक मेलेलं झुरळ. आणि तळाशी, बंद पाकिटात, एक पत्र. तारीख दोन वर्षांपूर्वीची.

काकांचा चेहरा उजळला. दोन वर्षं एक माणूस न्यायासाठी थांबलाय आणि तुम्ही सगळे त्याच्या डोक्यावर पेले ठेवून पाणी पिताय, असं काहीसं ते बोलले, आणि चष्मा लावून पत्र मोठ्यानं वाचू लागले. आवाज खणखणीत होता.

"माननीय संघटनेस. मी कपडे शिवते. माझे पती गेल्यानंतर आपल्या एका सभासदांकडे मी सहा वेळा गेले. त्यांनी चांगलं ऐकून घेतलं. नंतर त्यांनी वाचनालयात भाषण दिलं आणि त्यात माझी गोष्ट सांगितली."

इथे काकांनी चष्म्यावरून एकेकाकडे पाहिलं. अध्यक्षबाईंनी मान खाली घातली. उपाध्यक्षांनी एक श्वास घेतला. काका पुढे वाचू लागले.

"माझं नाव त्यांनी सांगितलं नाही. शिवणाच्या जागी विणकाम म्हणाले. माझे पती शाळेची बस चालवायचे, त्याच्या जागी ट्रक म्हणाले."

खणखणीतपणा थोडा उतरला.

"पोपटाची मैना केली."

काका थांबले. पुढच्या ओळी त्यांना दिसत होत्या, पण वाचवत नव्हत्या. कारण मैना त्यांचीच होती.

समोर बसलेल्या माणसांचं पोटच मुळी यावर भरत होतं, की बोलणाऱ्याचा आवाज कुठे अडखळला ते ओळखायचं. त्या सगळ्यांनी ओळखलं. सगळ्यांना वाटलं, काका गहिवरले. अध्यक्षबाईंनी पाण्याचा पेला पुढे केला. काका म्हणाले, अक्षर जरा लागत नाहीये, घरी नेऊन नीट वाचतो. आणि त्यांची ही तळमळ बघून पदाधिकाऱ्यांनी तिथल्या तिथे ठराव केला, की या प्रकरणाचे चौकशी अधिकारी म्हणून काकांनाच सर्वाधिकार देण्यात येत आहेत. एरवी चहा सांगायचा की नाही यावर अर्धा तास घालवणारी ही माणसं. हा ठराव दीड मिनिटात झाला.

काकांची बायको एका शाळेची मुख्याध्यापिका होती. खोटं बोलणारी पोरं ओळखण्यात तिची तीस वर्षं गेली होती. काका घरात शिरून चपला काढायच्या आत तिनं विचारलं, काय झालं? काकांनी पत्र तिच्या हातात दिलं. तिनं उभ्या उभ्या वाचलं, घडी घातली आणि परत दिलं.

"मी तेव्हाच म्हटलं होतं, ती बाई ओळखू येईल," ती म्हणाली.

म्हटलं होतं हे खरं. त्या भाषणाला ती दुसऱ्या रांगेत होती. भाषणाचं नाव 'दुःखाशी मैत्री', आणि ते अतिशय रंगलं होतं. त्यात एका बाईची गोष्ट होती. तिचा नवरा गेला, पण घरातला पक्षी अजून नवऱ्याच्याच आवाजात बोलतो, आणि त्या बाईला ना पिंजरा झाकवत, ना पक्षी कुणाला देऊन टाकवत. सभागृहात लोकांनी डोळे टिपले होते. येताना रस्त्यात बायको म्हणाली होती, की अहो, असा पक्षी गावात एकीकडेच असणार. त्यावर काका म्हणाले होते, मैना केलीय ना.

ती आठवण तिनं काढली नाही. नुसती स्वयंपाकघरात गेली. काकांना ते जास्त झोंबलं.

पुढचे आठ दिवस काकांनी काय केलं हे सांगायला हवं, कारण माणूस वाईट नव्हता. पण चांगल्या माणसालाही आठ दिवस लागतात. पहिले दोन दिवस त्यांनी घटना चाळून 'ओळख पटेल असा तपशील' या शब्दांचा काही वेगळा अर्थ निघतो का ते पाहिलं. तिसऱ्या दिवशी वकीलसाहेबांना एका मित्राची अडचण म्हणून सगळं सांगितलं. वकीलसाहेब म्हणाले, तुमच्या त्या मित्राला सांगा, काही घाबरू नको. पोपट तो पोपट, मैना ती मैना. दोन वेगळे पक्षी. बाईंनी आधी शाबीत करावं, की मैना म्हणजे पोपट. ते बिचारे मनापासून मदत करत होते, पण ते बोलणं काकांनी आपल्याच तोंडून ऐकल्यासारखं झालं, आणि त्यांना चहा गोड लागेना. चौथ्या दिवशी ते स्वतःला म्हणाले, की शेवटी त्या गोष्टीनं चाळीस माणसांना धीर आला. पाचव्या दिवशी त्यांना आठवलं, की त्या चाळिसांतल्या कुणाला त्यांनी तसं विचारलं नव्हतं. सहाव्या आणि सातव्या दिवशी त्यांनी चौकशी अधिकारी या नात्यानं 'संबंधित सभासदास' नोटीस लिहिली, स्वतःच घेतली, आणि उत्तराला मुदत मागावी की काय यावर विचार केला. चौकशी अधिकारी म्हणून मुदत द्यायची त्यांची इच्छा नव्हती. आठव्या दिवशी ते बाईंच्या दुकानी गेले.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. एक शिवणयंत्र, भिंतीला टांगलेले तयार कपडे, प्रत्येकाला टाचणीनं लावलेली चिठ्ठी. खिडकीत पिंजरा. बाईंनी मान वर केली, काकांना ओळखलं, आणि पायानं यंत्र थांबवलं. दोन वर्षांनी का होईना, माणूस आला, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

आणि काका म्हणाले, "मी चौकशी अधिकारी म्हणून आलोय."

हे वाक्य आपल्या तोंडून कसं गेलं याचा उलगडा काकांना शेवटपर्यंत झाला नाही. बाईंनी विचारलं, "कुणाची चौकशी?"

काकांनी फाईल पुढे धरली होती, ती छातीशी घेतली. तेवढ्यात खिडकीतून आवाज आला. "बोल ना. मिठू, बोल ना. बोल ना."

तो कुणा एका माणसाचा आवाज नव्हता. थोडा बाईचा, थोडा पोरासोरांचा, लाडीगोडीचा, जरा घाईचा. काकांना त्या सहा भेटींतलं सगळं आठवत होतं. पोपट काय म्हणायचा तेही. घरासमोर थांबलेल्या बसच्या दारात गर्दी करणाऱ्या मुलांना बाईंचा नवरा म्हणायचा, 'मागे सरका, मागे सरका', आणि पोपटानं ते जसंच्या तसं उचललं होतं, शेवटच्या खोकल्यासकट.

बाईंनी तक्रारीच्या सुरात काहीच सांगितलं नाही. कपड्याचं माप सांगावं तसं सांगितलं. भाषणानंतर लोक यायला लागले. आधी शेजारच्या गल्लीतले, मग कुठून कुठून. कुणी खोटंच काही शिवायला आणायचं, कुणी सरळ विचारायचं, तो पक्षी हाच का. पिंजऱ्यापुढे उभे राहायचे आणि म्हणायचे, बोल ना, मिठू, बोल ना. चांगली माणसं होती, कुणी त्रास द्यायला आलं नव्हतं. एकीनं तर पिंजऱ्याला नवीन वाटी आणली. दिवसाला पाच-सहा जण, असं चार महिने.

"पोपटाला जे सारखं ऐकू येतं तेच तो म्हणतो," बाई म्हणाल्या. "आमच्या ह्यांचं आता काही म्हणत नाही. मी एकटी किती वेळा म्हणून दाखवणार? आणि माझ्या आवाजात शिकला तर काय उपयोग?"

काका फाईल घेऊन उभे होते. त्यांच्याकडे या प्रसंगासाठी शिकलेली निदान बारा वाक्यं होती. त्यांतलं एकही त्यांनी वापरलं नाही, आणि संघटनेच्या दृष्टीनं नसली तरी ही त्यांच्या कारकिर्दीतली मोठी गोष्ट मानायला हरकत नाही. ते म्हणाले, "चुकलं माझं." बाई म्हणाल्या, "हो." आणि पुन्हा यंत्र सुरू केलं.

काकांनी पुढच्याच सभेत कबुली दिली. त्यांना वाटलं होतं, आता खळबळ माजेल. पण काय सांगावं, टाळ्या पडल्या. अध्यक्षबाईंचे डोळे भरून आले. स्वतःच्या चुकीसमोर असं उघडं उभं राहायला केवढं धैर्य लागतं, असं त्या म्हणाल्या. उपाध्यक्षांनी उठून काकांना मिठी मारली आणि जरा जास्तच वेळ धरून ठेवलं. काका त्या मिठीतूनच म्हणाले, की कलम बावीसप्रमाणे माझ्यावर कारवाई करा.

इथून काकांच्या खऱ्या हालांना सुरुवात झाली. शिक्षा चुकवायला धडपडणारी माणसं आपण पुष्कळ पाहतो. शिक्षा मिळवायला किती खटपट करावी लागते याची कल्पना, ज्यानं ती केली त्यालाच असते. कलम बावीस उघडलं, तर त्यात एवढंच, की शिस्तभंगाची कारवाई सोबतच्या परिशिष्टाप्रमाणे करावी. परिशिष्ट शोधलं. ते हरवलं नव्हतं, कधी लिहिलंच गेलं नव्हतं. चाळीस कलमं तोंडपाठ असलेल्या काकांना हे आजवर कळलं नव्हतं, कारण परिशिष्ट कुणी पाठ करत नाही. मग परिशिष्ट लिहायला समिती नेमायचं ठरलं, आणि घटनेचा अभ्यास असलेला माणूस म्हणून तिच्या अध्यक्षपदी काकांचं नाव सुचवण्यात आलं.

काकांनी सभासदत्वाचा राजीनामा दिला. तो परत आला. चौकशी चालू असताना सभासदाला राजीनामा देता येत नाही, कलम तेवीस. मग त्यांनी चौकशी अधिकारी म्हणून चौकशी संपल्याचा अहवाल दिला, त्यात स्वतःला पूर्ण दोषी ठरवलं, आणि एका वर्षाची बंदी सुचवली. अहवाल दुरुस्तीसाठी परत आला. 'दोषी' या शब्दानं सभासदाच्या मनावर ओरखडा उठू शकतो, त्याऐवजी 'अनवधानाने सहभागी' असं लिहावं. काकांनी विचारलं, कुठल्या सभासदाच्या मनावर? उपाध्यक्ष म्हणाले, तुमच्याच. वर त्यांनी असंही सुचवलं, की या सगळ्या अनुभवावर काकांनी सभासदांसमोर एक भाषण द्यावं. शीर्षकही तयार होतं, 'माझी चूक, माझी सोबत'.

त्या दिवशी जिन्यात काकांनी चिटणीसबाईंना गाठलं. चिटणीसबाई सभांमध्ये फक्त लिहीत असत. काकांनी विचारलं, एवढा साधा निर्णय का होत नाही? त्यांनी कार्यवृत्ताची वही पिशवीत घातली आणि हळूच म्हणाल्या, "काका, सगळ्यांच्याच भाषणात कुणीतरी असतं. माझ्याही. तुमच्यावर कारवाई झाली तर सभेला कोण उरेल?"

काका जिन्यातच उभे राहिले. मग त्यांना अध्यक्षबाईंच्या व्याख्यानातली ती न झोपणारी बँकवाली आठवली, उपाध्यक्षांच्या व्याख्यानातला तो ताटं फोडणारा प्राध्यापक आठवला. दोघांनाही ते रस्त्यात पाहून ओळखू शकले असते.

यावर काकांनी शेवटचा उपाय म्हणून आणखी एक कलम काढलं. कलम चोवीस, तक्रारदाराचं म्हणणं प्रत्यक्ष ऐकणं सक्तीचं आहे. बाईंना बोलावणं गेलं. त्या आल्या, खुर्चीच्या कडेवर बसल्या, हातात मापाची फीत राहिली होती ती त्यांनी गुंडाळून मुठीत धरली. अध्यक्षबाईंनी डोकं तिरकं करून विचारलं, आत्ता या क्षणी तुम्हाला नेमकं काय वाटतंय?

बाई म्हणाल्या, "मला काय वाटतं ते मी एकदा सांगितलं होतं. त्यातूनच हे सगळं झालं."

उपाध्यक्षसुद्धा श्वास घ्यायला विसरले.

मग बाईंनी स्वतःच सांगितलं, त्यांना काय हवं होतं ते. बंदी नको. या माणसाला घरी बसवून माझ्या पोपटाला काय मिळणार? त्यांनी त्याच वाचनालयात जावं. त्याच व्यासपीठावर उभं राहावं. मी कुणाचीतरी गोष्ट न विचारता सांगितली आणि ते चूक होतं, एवढं म्हणावं. कुणाची ते सांगायचं नाही. पोपट नाही, मैना नाही, कुठलाच पक्षी नाही.

पदाधिकाऱ्यांनी यावर दीड तास चर्चा केली. संघटनेच्या प्रतिष्ठेचं काय, असा एक मुद्दा निघाला, त्याच्यावरचा दुसरा निघाला. अखेर असं ठरलं, की संघटना या गोष्टीला संमतीही देत नाही आणि विरोधही करत नाही, ती फक्त सोबत आहे. काकांनी ते कार्यवृत्तात नीट लिहिलंय ना ते पाहिलं आणि वाचनालयात जाऊन तारीख मागितली.

ग्रंथपालांनी फळ्यावर लिहायला विषय विचारला. काका म्हणाले, माफी. ग्रंथपाल म्हणाले, नुसतं माफी फार उघडं दिसतं, लोक येणार नाहीत. त्यांनी आपल्या अधिकारात 'माफीचे महत्त्व: एक रसाळ विवेचन' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं, खाली 'वेळ दीड तास'. त्यामुळे सभागृह भरलं. मागच्या वेळची बरीच मंडळी होती. एकीनं रुमाल हातात घेऊनच ठेवला होता.

काका उभे राहिले. घरी त्यांनी भाषण लिहिलं होतं, सोळा पानांचं. बायकोनं ते वाचून एकेक पान बाजूला काढत अर्ध्या पानावर आणलं होतं. ते म्हणाले, की दोन वर्षांपूर्वी याच जागी मी एका व्यक्तीची गोष्ट सांगितली. त्या व्यक्तीनं ती मला दार लावून सांगितली होती. मी दार उघडं केलं. तपशील बदलले की गोष्ट आपली होते असं मला वाटलं, तसं नसतं. त्यातून जे नुकसान झालं ते मला भरून देता येणार नाही. मी त्या व्यक्तीची माफी मागतो. तुमच्यापैकी कुणी ती गोष्ट पुढे कुणाला सांगितली असेल, तर यापुढे सांगू नका.

आणि ते खाली बसले. सव्वातीन मिनिटं झाली होती.

लोक थांबून राहिले. ही प्रस्तावना असणार, विवेचन पुढे आहे, असा सगळ्यांचा समज. ग्रंथपालांनी घड्याळाकडे पाहिलं आणि प्रश्न विचारायचं आवाहन केलं. पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांनी विचारलं, कोणती गोष्ट, ती मैनेवाली का? काका म्हणाले, सांगणार नाही. मागून कुणी विचारलं, त्या मैनेचं पुढे काय झालं? सांगणार नाही. नुकसान म्हणजे कसलं नुकसान? सांगणार नाही. असे नऊ प्रश्न झाले. दहाव्याला एका आजोबांनी उठून सांगितलं, की मागचं भाषण जास्त चांगलं झालं होतं. त्यावर मात्र काका म्हणाले, "हो, म्हणूनच." आजोबांना काही ते कळलं नाही. रुमालवाल्या बाईंनी कोरडा रुमाल पर्समध्ये ठेवला, आणि लोक आपसात कुरकुरत बाहेर पडले. बायको दुसऱ्या रांगेतच बसली होती. जाताना तिनं काकांच्या हातातून पिशवी घेतली, जे ती सहसा करत नसे.

बाई पायऱ्यांवर उभ्या होत्या. त्या शेवटच्या रांगेत बसल्या होत्या, पण काकांना दिसल्या नव्हत्या. झालं ते ठीक झालं की नाही, याबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "मला अजून रात्री नीट झोप नाही. कुणाकडे तरी जायला हवं. तुमच्याकडे नाही येणार."

काका म्हणाले, बरोबर आहे.

"दुसरं कुणी असेल तर नाव द्या. चांगलं असलं पाहिजे असं काही नाही. भाषणं देत नसलं पाहिजे."

काकांनी मनातल्या मनात त्रेचाळीस नावांवरून बोट फिरवायला सुरुवात केली. अध्यक्षबाई देत होत्या. उपाध्यक्ष देत होते. चिटणीसबाई वर्षातून दोनदा देत होत्या. पायरीवर उभ्या उभ्या बराच वेळ गेला. सदतिसाव्या की अडतिसाव्या नावाशी ते थांबले. टपाल कचेरीमागे एका खोलीत बसणाऱ्या एक सभासद होत्या. नऊ वर्षांत त्या एकाही सभेला आल्या नव्हत्या, आणि गैरहजेरीबद्दल त्यांना तीन पत्रं गेली होती. तिन्ही काकांनीच लिहिलेली. चार माणसांसमोर उभं राहिलं की त्यांची जीभ टाळ्याला चिकटते, असं त्यांनी उत्तरात कळवलं होतं. त्यावर काकांनी शेरा मारला होता, कारण असमाधानकारक.

त्यांनी पत्ता लिहून दिला. बाईंनी तो वाचला, घडी करून ठेवला आणि दोन पायऱ्या उतरल्या. मग वळून काकांकडे जरा वेळ पाहिलं. कपडा अंगावर नीट बसलाय का हे बघावं, तसं.

"तुम्हीही जा त्यांच्याकडे," त्या म्हणाल्या. "पण माझ्या दिवशी नको. मी शुक्रवार घेते, तुम्ही गुरुवार घ्या."

तेव्हापासून नियमकाका दर गुरुवारी टपाल कचेरीमागे जातात. जाताना चालतात भराभर, येताना सावकाश. तिथे ते काय बोलतात, रडतात की कलमं म्हणून दाखवतात, हे त्यांच्या बायकोनं, वकीलसाहेबांनी आणि निम्म्या संघटनेनं परोपरीनं काढून घ्यायचा प्रयत्न केला. पण तिथे ऐकून घेणाऱ्या त्या सभासदबाई कुणाला काही सांगत नाहीत, त्यामुळे आम्हालाही कळायला मार्ग नाही.